मालमत्ता मोठी, गुंतागुंत त्याहून मोठी: घटस्फोटात वकील, सीए, मूल्यांककांची टीम कशी बांधायची?

शेवंती

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, आणि विषय कडू आहे.

माझी धाकटी मामेबहीण आणि तिचा नवरा वेगळे होताहेत. सतरा वर्षांचा संसार, चौदा वर्षांची मुलगी. भांडाभांडी, पोलीस वगैरे काही नाही. दोघांनाही संमतीनेच व्हायला हवंय. अडलंय ते पैशांच्या गुंत्यात.

भोसरी एमआयडीसीत नवऱ्याची फॅब्रिकेशनची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. शेअर नवरा, सासरे आणि बहीण अशा तिघांच्या नावावर. बहिणीकडे दहा टक्के. ती कागदोपत्री डायरेक्टरही आहे, पण आयटीतली नोकरी सांभाळून तिने कंपनीत कधी पाऊल टाकलं नाही. बाणेरचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्ज चालू आहे. मुळशीची जमीन सासऱ्यांच्या नावावर. एचयूएफचं (हिंदू अविभक्त कुटुंबाचं) वेगळं खातं. लॉकरमध्ये दागिने. बहिणीला तिच्या अमेरिकन कंपनीचे शेअर मिळालेत, तेही बऱ्यापैकी आहेत.

वकील म्हणतात, "सगळं माझ्यावर सोडा." घरचे सीए म्हणतात, "कोर्टात कशाला जाता, मी बसून वाटणी करून देतो." हे सीए कंपनीचे, सासऱ्यांचे, नवऱ्याचे आणि बहिणीचेही! तिकडे अमेरिकेतली मैत्रीण म्हणते की वकील, फायनान्सचा माणूस, मूल्यांकक, समुपदेशक अशी पूर्ण टीम लागते. आपल्याकडे असं कुणी करतं का? केलं तर कोणाला आधी गाठायचं? अनुभवी लोकांनी लिहावं. "जुळवून घ्या" हा सल्ला कृपया नको, तो देऊन झालाय सगळ्यांचा.

भाबडा

मला एक कळत नाही, इतकी माणसं हवीत कशाला? कायद्याने बायकोला नवऱ्याची अर्धी प्रॉपर्टी मिळतेच ना? सरळ भागिले दोन.

काळा कोट

भाबडा, हा गैरसमज इतका पसरलाय की निम्मे पक्षकार तो घेऊनच ऑफिसात येतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये "अर्धी मालमत्ता" असं काही नाही. ज्याच्या नावावर जे, ते त्याचं. कलम २५ खाली कायमची पोटगी मिळते, ती एकरकमी किंवा दरमहा. कलम २७ आहे, पण ते लग्नात किंवा लग्नाच्या सुमाराला दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंपुरतं. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देणारं दुरुस्ती विधेयक राज्यसभेत २०१३ मध्ये मंजूर झालं होतं, पुढे लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. लोकांच्या डोक्यात मात्र ते अजून मंजूरच आहे.

शेवंती, मी कौटुंबिक न्यायालयात प्रॅक्टिस करते, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. आपल्याकडे वाटणीचं सूत्र कायद्यात नाही, म्हणूनच टीम जास्त लागते. सूत्र असतं तर कॅल्क्युलेटर पुरला असता. इथे कोर्ट दोघांचं उत्पन्न, राहणीमान, जबाबदाऱ्या, वय, लग्न किती वर्षं टिकलं हे सगळं बघतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये एका प्रकरणात ५ कोटी आणि दुसऱ्यात १२ कोटी कायम पोटगी ठरवली. दुसऱ्या निकालात हेही बजावलं की पोटगीचा कायदा नवऱ्याच्या संपत्तीशी बरोबरी करून देण्यासाठी नाही. आकडा किती हा प्रश्नच नाही, आकड्यामागे कागद किती हा आहे. आणि कागद काढणं हे वकिलाचं काम नव्हे.

खातेवही

सीए आहे, त्यामुळे माझं मत थोडं स्वजातीविरुद्ध जाईल. पहिलं काम: बहिणीने आजच तो "घरचा" सीए सोडावा. माणूस भला असेल, पण चार पक्षकारांचे हितसंबंध आपसात भिडताहेत आणि हा चौघांचाही. उद्या कंपनीच्या किमतीवरून वाद झाला तर तो कोणाच्या बाजूने बोलणार?

त्याहूनही आधी एक छोटी गोष्ट तपासा. तिच्या आयकर पोर्टलच्या खात्यावर मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा आहे? दहातल्या सात घरांत तो सीएच्या ऑफिसचा निघतो, पासवर्ड कुणा आर्टिकल क्लार्ककडे असतो. आधी ते स्वतःच्या ताब्यात घ्या. मग एआयएस आणि २६एएस (आयकर खात्याकडे तिच्या नावावर जमा झालेल्या माहितीची विवरणं) उतरवा. व्याज, लाभांश, शेअरविक्री, मोठे व्यवहार, तिच्या पॅनवर जे नोंदलं गेलंय ते दिसेल. तिला न सांगता तिच्या नावाने काही केलं असेल तर तेही दिसेल.

नंतर कंपनी. ती डायरेक्टर आहे, म्हणजे हिशेबाची पुस्तकं बघण्याचा तिला कायद्यानेच हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. आणि कंपनीने रजिस्ट्रारकडे भरलेले ताळेबंद, वार्षिक विवरणपत्रं एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर शंभर रुपयांत कुणालाही बघता येतात. मागच्या काही वर्षांचे काढा. पहिल्या पानावरच्या नफ्याला भुलू नका. "असुरक्षित कर्ज – संचालकांकडून" ही ओळ शोधा. घरगुती कंपन्यांत मालक पगार कमी घेतो आणि स्वतःचा पैसा कंपनीला कर्ज म्हणून देतो. कंपनीच्या ताळेबंदात ते देणं दिसतं, पण नवऱ्याच्या बाजूने ती रोकडा मालमत्ता आहे. हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी, पेट्रोल, परदेशवारी कंपनीच्या खर्चात असेल तर राहणीमानाचा पुरावाही तिथेच सापडेल.

फाटक्या नोटा

सीएनेच सीए सोडायला सांगितला. कलियुग संपलं म्हणायचं.

आषाढसरी

वाचतेय. मी यातून गेलेय, आमच्याकडे कंपनी नव्हती, दोन दुकानं होती. एकच सांगते. नवऱ्याचा फोन, ईमेल, लॅपटॉप उघडायला जाऊ नका. भावाने मला "पुरावा गोळा कर" म्हणून भरीला घातलं होतं, वकिलांनी वेळीच रोखलं. स्वतःच्या नावाचं, सार्वजनिक नोंदीतलं आणि घरातल्या कपाटातलं एवढंच पुष्कळ निघतं. सातबारा महाभूलेखवर, नोंदणीकृत खरेदीखतं मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर. इंडेक्स टूचा (खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्याचा) कागद हाती आला की माणसं आपोआप खरं बोलायला लागतात.

मोजपट्टी

मूल्यांकक आहे, जमीन-इमारत वर्गातला. इथे लोक हमखास गंडतात म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली नोंदणीकृत मूल्यांकक असतात, नोंदणी आयबीबीआयकडे (दिवाळखोरी मंडळाकडे). वर्ग तीन: जमीन आणि इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता. मी कारखान्याची शेड मोजून देईन, पण त्यातल्या सीएनसी मशीनची किंमत मी सांगायची नाही आणि कंपनीच्या शेअरची तर नाहीच. बहिणीच्या दहा टक्क्यांची किंमत लावायला तिसऱ्या वर्गातला माणूस लागेल. "आमच्या ओळखीचा व्हॅल्युअर सगळं करून देतो" असं कुणी म्हटलं तर नोंदणी प्रमाणपत्र मागा, त्यावर वर्ग लिहिलेला असतो.

भोसरीच्या प्लॉटबद्दल. एमआयडीसीची जमीन कंपनीच्या मालकीची नसते, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. म्हणून शेजारच्या खासगी जागेचा भाव घेऊन "आमची जागा एवढ्याची" म्हणणं चूक. उलट नवरा ताळेबंदातली जुनी खरेदी किंमत दाखवेल, तीही चूक. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो सांगायला प्रत्यक्ष पाहणी लागते.

रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे, बाजारभाव नव्हे. बाणेरसारख्या भागात दोन्हींत फरक असतो. वाटाघाटीत ज्याला जो सोयीचा तो तोच धरून बसतो. दोन्ही बाजूंनी मिळून एकच मूल्यांकक नेमला आणि त्याचा आकडा मान्य करायचं आधीच लिहून दिलं तर निम्मी भांडणं मिटतात.

शेवंती

बापरे. खातेवही, तुमचं वाचून बहिणीने लगेच पोर्टल बघितलं. मोबाइल नंबर सीएच्या ऑफिसचाच निघाला!! बदलून घेतला.

एक नवीन गोष्ट. एमसीएवर कंपनीचं नाव टाकलं तेव्हा बँकेच्या तारणाची नोंद दिसली. बहिणीला आठवलं, काही वर्षांपूर्वी बँकेत जाऊन "डायरेक्टर म्हणून सही लागते" म्हणून ढीगभर कागदांवर सह्या केल्या होत्या. ती जामीनदार झाली असेल का?

खातेवही

असेल का नाही, असणारच. कॅश क्रेडिटची (धंद्याच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा देताना बँक सहसा सगळ्या डायरेक्टरांचा वैयक्तिक जामीन घेते. बँकेकडून मंजुरीपत्र आणि जामीनपत्राची प्रत मागवा. जामीनदार म्हणून तिला ती मागता येते.

आता हेच तुमच्या प्रकरणातलं सगळ्यात धोकादायक पान आहे. पोटगीत दोन-पाच लाख इकडेतिकडे झाले तर चालेल. पण घटस्फोट झाला, ती डायरेक्टरपदावरून उतरली, आणि पाच वर्षांनी कंपनी थकली तर बँक तिच्या पगाराच्या आणि अमेरिकन शेअरच्या मागे लागेल. घटस्फोटाचा हुकूमनामा बँकेवर बंधनकारक नसतो, बँक त्यात पक्षकारच नाही. डायरेक्टरपद सोडलं म्हणून जामीन सुटत नाही. कंपनीने डीआयआर-१२ (डायरेक्टर बदलल्याचा रजिस्ट्रारकडचा फॉर्म) भरला नाही तर ती स्वतः डीआयआर-११ भरून राजीनामा नोंदवू शकते, पण त्यानेही जामीन सुटत नाही. बँकेचं मुक्ततेचं लेखी पत्रच हवं.

काळा कोट

खातेवहींना दुजोरा. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे चालू जामीन पुढच्या व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागे घेता येतो, जामीनपत्राच्या अटी तपासून. आधी उचललेल्या रकमेची जबाबदारी मात्र राहते. पण थांबा, ती नोटीस आजच पाठवू नका! बँक घाबरून मर्यादा गोठवेल, कंपनीचे पगार अडकतील, आणि ज्या माणसाकडून पोटगी घ्यायची त्याचंच उत्पन्न बसेल. वर तो चिडून संमती मागे घेईल. हे पान खेळायचं, पण योग्य वेळी. अशा ठिकाणी वकील एकटा पुरत नाही असं मी म्हणते ते यासाठी.

एडिसनची पुणेकरीण

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे "समन्यायी वाटप" आहे, म्हणजे लग्नात कमावलेलं न्यायाने वाटायचं, दर वेळी अर्धंच असं नाही. कॅलिफोर्नियात सामायिक मालमत्तेचा नियम, तिथे साधारण निम्मं निम्मं. माझ्या नणंदेच्या प्रकरणात दोन वकील, एक तटस्थ फायनान्सवाला, एक व्यवसायाचा मूल्यांकक आणि एक समुपदेशक होते. याला सहयोगी घटस्फोट म्हणतात. मिनियापोलिसचे वकील स्टू वेब यांनी १९९० मध्ये ही पद्धत सुरू केली. यातली गंमत अशी की बोलणी फिसकटून कोर्टात गेलात तर दोन्ही वकिलांना बाजूला व्हावं लागतं, नवीन वकील नेमायचे. त्यामुळे भांडण वाढवण्यात वकिलांना रसच उरत नाही.

नणंदेचा पुण्यातला फ्लॅटही इथल्या मालमत्तेच्या विवरणात लिहावा लागला होता. आणि निवृत्तीच्या खात्यातले पैसे दंड न भरता वाटायला कोर्टाचा वेगळा आदेश लागतो, त्याचा मसुदा करणारा माणूसही वेगळाच. टीम खर्चिक झाली का? झाली. पण तटस्थ फायनान्सवाला एकच असल्याने दोघांनी दोन-दोन तज्ज्ञ लढवायचा खर्च वाचला.

काळा कोट

चांगली माहिती. यात भर: अमेरिकेचा हुकूमनामा आपल्याकडे आपोआप लागू होत नाही. अमेरिका आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली परस्पर-मान्य देश नाही, ब्रिटन आहे. आणि घटस्फोटाचा परदेशी हुकूमनामा कधी मानायचा हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव प्रकरणात सांगितलंय: लग्न ज्या कायद्याने झालं त्याच्या आधारावर, आणि दोघांच्या खऱ्या सहभागाने. परदेशी राहणाऱ्यांनी पुण्यातल्या फ्लॅटसाठी इथला वकील टीममध्ये घ्यायलाच हवा.

सहयोगी पद्धतीची ती "वकील बाजूला" अट आपल्याकडे कायद्यात नाही, लेखी ठरवून घेता येते. फीबद्दल एक खबरदारी: "जे मिळेल त्याच्या दहा टक्के द्या" असं म्हणणाऱ्या वकिलाकडून उठून या. निकालावर अवलंबून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

डिचोलीकर

गोंयच्यान देव बरें करूं! भाबडा यांच्या "भागिले दोन"ला आमच्याकडे खरंच अर्थ आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. घर विकायचं तर दोघांची सही. आयकरातही काही उत्पन्नं निम्मी-निम्मी दाखवावी लागतात. पण म्हणून टीम लागत नाही असं समजू नका. अर्धं कशाचं, हे ठरवायला यादी करावीच लागते, आणि यादीवरूनच भावाभावांत वीस-वीस वर्षं खटले चालतात इथे. शेवंतीताई, मंडळी गोव्याची नसतील तर हे तुम्हांला लागू नाही, नुसती भर म्हणून लिहिलं.

भाबडा

डिचोलीकर, मग लग्न गोव्यात करायला हवं होतं की!

फाटक्या नोटा

बीचवर फेटा बांधून केलेलं लग्न त्यात मोजत नाहीत हो. मूळचे गोव्याचे हवेत.

शेवंती

सासऱ्यांच्या जमिनीबद्दल आणि एचयूएफबद्दल कुणी सांगेल का? बहिणीचा भाऊ म्हणतोय तिथेही हक्क सांग.

काळा कोट

सासऱ्यांची स्वकष्टार्जित जमीन असेल तर हक्क नाही. राहत्या घराची गोष्ट वेगळी. सासरच्यांच्या मालकीच्या घरातही सुनेला राहण्याचा हक्क असू शकतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात म्हटलंय, पण तो राहण्याचा, मालकीचा नव्हे.

एचयूएफमध्ये पत्नी सहदायाद (जन्माने वाटेकरी) नसते, ती वाटणी मागू शकत नाही. मुलगी मात्र २००५ च्या दुरुस्तीनंतर जन्मानेच सहदायाद आहे. म्हणजे तुमच्या भाचीचा हक्क आहे, तुमच्या बहिणीचा नाही! संमतीच्या अटी लिहिताना लोक मुलीचा हक्क चुकून सोडून देतात. "आता उभयतांचा काही हक्क राहिला नाही" असं वाक्य टाकताना त्यात अल्पवयीन मुलीचं नाव कुठे येत नाही ना, हे बघा.

दागिने: स्त्रीधन तिचंच, त्यात वाटाघाट नाही. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर दोघांसमोर उघडून, सराफाच्या मूल्यांककाकडून वजनासह यादी करून, दोघांच्या सह्या घ्या.

आषाढसरी

मुलीसाठी समुपदेशक वेगळी ठेवा. कोर्टाचे विवाह समुपदेशक असतात, त्यांचं काम समेट होतो का ते बघणं. ते ठीकच. पण पोरीला आई-बापांच्या कागदांत काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं, तिला "मी सुट्टीत कुठे राहणार आणि क्लास बदलणार का" हे हवं असतं. माझ्या मुलाला याची उत्तरं आमच्याआधी त्या बाईंनी दिली.

शेवंती

खरंय. भाची गप्प गप्प झालीय. समुपदेशक बघतेय, नाव सुचवायचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, इथे नको.

आता फ्लॅटवरून तीन जण तीन गोष्टी सांगताहेत. ठरलंय असं की फ्लॅट बहिणीला, त्या बदल्यात ती पोटगी कमी घेणार आणि कंपनीचे शेअर परत करणार. नवा सीए म्हणतो, नवऱ्याचा अर्धा हिस्सा हुकूमनाम्याच्या आधी बक्षीसपत्राने घ्या. वकील म्हणतात, हुकूमनामा झाल्याशिवाय कुणी काही द्यायचं नाही. बँक म्हणते, कर्ज फिटेपर्यंत नाव बदलणार नाही. डोकं आऊट झालंय. नक्की कोण बरोबर?

खातेवही

तिघंही. टीम का हवी याचं उत्तर याच पोस्टमध्ये आहे तुमच्या.

सीएची बाजू सांगतो. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. आयकरातही पती-पत्नी "नातेवाईक" असल्याने घेणाऱ्याला कर नाही. हुकूमनामा झाला की ती पत्नी राहत नाही, दोन्ही सवलती जातात. फ्लॅटच्या किमतीवर पूर्ण शुल्क म्हणजे बाणेरमध्ये काही लाखांचा फरक.

काळा कोट

आणि वकिलाची बाजू मी सांगते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात कोर्टात दोनदा जबाब होतो; दुसऱ्या वेळी जबाब होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, १९९१ पासून कायदा हाच आहे. नवऱ्याने बक्षीसपत्र करून दिलं आणि बहिणीने संमती मागे घेतली तर त्याचा वकील कोणत्या तोंडाने उभा राहील? उलटही तसंच: तिने आधी शेअर परत दिले आणि तो फिरला तर?

दुसरा पेच. "हुकूमनाम्यातच फ्लॅट लिहून घेऊ" हा मार्ग सोपा वाटतो, पण याचिकेचा विषय नसलेली मिळकत तडजोडीत आली तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ मुळे हुकूमनामा नोंदवावा लागतो. विषय असली तरी तिला नव्याने हक्क मिळत असेल तर प्रश्न उरतोच. आणि महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात हस्तांतरण करणारा कोर्टाचा हुकूमनामाही शुल्काला पात्र आहे. कोर्टाच्या शिक्क्याने शुल्क माफ होत नाही.

तिसरा, आणि हा मसुद्यातला आहे. बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय. बक्षीसपत्रात "पोटगीच्या बदल्यात" हे शब्द आले की ते बक्षीस राहत नाही. म्हणून सीए आणि वकिलाने एकाच टेबलावर बसून दोन्ही कागद शब्दाशब्दाने जुळवायचे. नाहीतर एका कागदात "मोबदला नाही" आणि दुसऱ्यात "याच्या बदल्यात" असं होतं, आणि दोन वर्षांनी नोटीस येते.

(अवांतर: बक्षीसपत्राचा ठरलेला मसुदा असतो, त्यात "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी" ही ओळ असते. घटस्फोटाच्या तारखेच्या आठवड्यात नवरा-बायको दुय्यम निबंधकासमोर त्या ओळीखाली अंगठे देतात. मी हसू दाबते, दुसरं काय करणार.)

फाटक्या नोटा

आपुलकी आहेच की, २०० रुपयांची.

मोजपट्टी

बँकेचं काय करायचं ते मी सांगतो, रोजचं काम आहे. तारण असलेल्या फ्लॅटमधून एक सहकर्जदार काढायचा तर बँक उरलेल्याचं उत्पन्न नव्याने तपासते. बहिणीच्या पगारावर कर्ज बसत असेल तर दुसऱ्या बँकेकडे तिच्या एकटीच्या नावाने हस्तांतर करून घ्यायचं, त्यासाठी मूल्यांकन लागेल. किंवा तिने काही अमेरिकन शेअर विकून कर्जच फेडायचं. बँकेची लेखी संमती हातात आल्याशिवाय बक्षीसपत्राची तारीख घेऊ नका. सोसायटीचा भाग-दाखला नंतर होतो, तो फक्त सेक्रेटरीच्या मूडवर असतो.

खातेवही

शेअर विकले तर भांडवली नफ्याचा कर आधी मोजा. आणि एक विसरू नका: तिने परदेशी शेअर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवलेत का? घरच्या सीएने सोडून दिलं असेल तर आधी ते नीट करा. नवऱ्याची कंपनी उघडी करायची आणि आपले शेअर झाकायचे, हे चालत नाही. समोरची बाजू पहिलं बोट तिथेच ठेवेल.

काळा कोट

अगदी. वाद होऊन पोटगीचा अर्ज झाला तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे दोघांनाही मालमत्ता-कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलंच. खोटं शपथपत्र दिलं तर न्यायालयात खोटी साक्ष दिल्याची कारवाई होऊ शकते. संमतीचं प्रकरण असलं तरी मी दोन्ही पक्षकारांना त्याच नमुन्यात एकमेकांना माहिती द्यायला लावते. दोघांनी सही केलेला तो कागद फाइलला असला की नंतर "मला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही.

खबरदारी: सीएशी बोललेलं आणि वकिलाशी बोललेलं यांना कायद्यात सारखं संरक्षण नाही. सीएला साक्षीदार म्हणून बोलावता येतं. म्हणून जे फक्त मनातलं आहे ते वकिलाशी, जे आकड्यांतलं आहे ते सीएशी.

शेवंती

मग क्रम कसा लावायचा? तुम्ही असता तर?

काळा कोट

मी असते तर मुख्य सूत्रं वकिलाकडेच ठेवली असती, कारण कागद शेवटी न्यायाधीशांसमोर जातो. पण सुरुवात सीएपासून. आधी सगळ्याची यादी, मग जिथे किंमत वादाची तिथेच मूल्यांकक. फ्लॅटला कदाचित लागणारही नाही, शेअरला लागेल. मग बँकेशी बोलणं, आणि त्यानंतर संमतीच्या अटींचा मसुदा. तो बँकेच्या उत्तराआधी लिहायला घेतला की चारदा बदलावा लागतो.

पैशांचे हप्ते असे लावायचे की कुणी कुणाच्या हातात सापडू नये. पहिल्या जबाबाला थोडी रक्कम, उरलेली दुसऱ्या जबाबाच्या दिवशी डीडीने, न्यायालयातच. दोन जबाबांमधली सहा महिन्यांची थांबण्याची मुदत २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार माफ होऊ शकते, दोघं बराच काळ वेगळे राहत असतील आणि सगळं मिटलं असेल तर. आमच्याकडे अशा प्रकरणांत बक्षीसपत्र सकाळी दुय्यम निबंधकाकडे आणि दुसरा जबाब त्याच दुपारी, शिवाजीनगरच्या कोर्टात, असं जमवतो. शेअर हस्तांतराचे फॉर्म आणि तिचा राजीनामा सही करून वकिलाकडे ठेवतो, जबाब झाला की सुपूर्द. जामीनमुक्तीचं बँकेचं पत्र त्याआधी. ते नसेल तर दुसऱ्या जबाबाची तारीख पुढे ढकला, पण त्याशिवाय जबाब देऊ नका.

खातेवही

पोटगी एकरकमी की दरमहा, यावर एक ओळ: मुंबई उच्च न्यायालयाच्या ऐंशीच्या दशकातल्या निकालानुसार एकरकमी पोटगी भांडवली जमा, करपात्र नाही, दरमहाची मात्र उत्पन्न धरली जाते. देणाऱ्याला दोन्हींत वजावट नाही. नवऱ्याचं उत्पन्न धंद्याचं, म्हणजे चढउताराचं. मी असतो तर एकरकमीच घेतली असती. मुलीच्या शिक्षणाची सोय मात्र वेगळी, तिच्या नावाने.

आषाढसरी

मी दरमहा घेतली होती. दुकान मंदीत गेल्यावर अर्ज करून कमी करून घेतली त्याने. खातेवहींना +१.

शेवंती

सगळ्यांचे आभार. बहिणीने धागा वाचला आणि नवऱ्यालाही पाठवला, तोही वाचतोय (नमस्कार!). येत्या शनिवारी दोन्ही वकील, नवा सीए आणि बँकेचा माणूस असे सगळे एकत्र बसताहेत, वकिलांच्या ऑफिसात. नवऱ्याने स्वतःहून शेअरच्या मूल्यांककाची फी निम्मी-निम्मी करायला हो म्हटलंय. सासऱ्यांना बोलवायचं का यावर अजून एकमत नाही.

मोजपट्टी

बोलवा. कंपनीचे शेअर त्यांच्याही नावावर आहेत आणि जामीनही त्यांचा असणार. बहिणीचा जामीन काढायचा तर बँक दुसरा जामीनदार किंवा जादा तारण मागेल, आणि ते तारण बहुतेक मुळशीचीच जमीन असेल. त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं तर बैठक तिथेच संपेल. शनिवारच्या आधी मुलाने वडिलांशी घरीच बोलून घ्यावं.

शेवंती

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कळवते त्याला. तसा तो वाचतोच आहे म्हणा.